गांजाचा कायदा, मतदारांची यादी आणि आडवी बाटली

सन 2021 च्या डिसेंबर महिन्यांत दिल्लीच्या राज्यसभेनें लागोपाठ दोन दिवशीं दोन कायदे मंजूर केले. 20 तारखेस गांजा-अफूच्या कायद्याची दुरुस्ती, आणि 21 तारखेस मतदारयादीच्या कायद्याची. पहिल्यावर थोडेंबहुत बोलणें झालें. दुसरा कायदा लोकसभेंत ज्या दिवशीं मांडला त्याच दिवशीं मंजूर झाला, आणि दुसऱ्या दिवशीं राज्यसभेंतून आवाजी मतानें बाहेर पडला. आमच्या भागांत या दोहोंची वार्ता कोणी केली नाहीं. कारण त्याच सुमारास, 16 डिसेंबरास, सुप्रीम कोर्टानें महाराष्ट्रांतील बैलगाडा शर्यतींस परवानगी दिली होती; दिघी, भोसरी, चऱ्होली, मोशी, जेथें जावें तेथें घाटाच्या आणि बैलांच्याच गोष्टी. आम्हीही त्यांतच होतों. खोटें कां सांगावें?

तो शिळा विषय आज पुन्हां काढावयास कारण घडलें तें असें. आम्ही दिघीचे. येथल्या शाळेंत मुलांस शिकवितों, आणि सरकारी हुकूम आला कीं मतदारयादीचें बाड काखेंत मारून दारोदार फिरतों. मागच्या महिन्यांत शाळा सुटण्याच्या वेळीं पांच-सात बाया फाटकाशीं येऊन उभ्या राहिल्या. त्यांतली एक वयस्क मावशी पुढें होऊन म्हणाली, "गुरुजी, बाटली आडवी करायची तर सह्या किती लागत्यात?" आम्ही सांगूं लागलों तोंच दुसरी म्हणाली, "आन् ही पोरं भिंतीला टेकून पुडी वढत्यात, त्याला कुठलं मतदान हाय का न्हाई?"

पहिलीस उत्तर देतां आलें. दुसरीस देतां आलें नाहीं. म्हणून घरीं येऊन कायदे वाचावयास बसलों, आणि वाचतां वाचतां ध्यानांत आलें कीं हे दोन प्रश्न निरनिराळे नाहींत.

प्रथम गांजाचें पाहूं. झाड एकच. त्याचा फुलोरा तो गांजा, चीक तो चरस, आणि नुसतें पान ती भांग. 1985 च्या मध्यवर्ती कायद्यानें फुलोरा आणि चीक गुन्ह्यांत धरले व पान वगळलें. पानाचा कारभार राज्यांकडे राहिला. आपल्याकडे त्यावर 1949 चा दारूबंदीचा कायदा आहे. म्हणजे काशीस त्या झाडाचें पान परवान्याच्या दुकानीं मिळतें, आणि त्याच झाडाचा शेंडा खिशांत सांपडला तर हातांत बेडी पडते. शिक्षा वजनावर आहे. एक किलोपर्यंत एक वर्ष सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. त्यावर आणि वीस किलोंच्या आंत दहा वर्षांपर्यंत. वीस किलोंच्या वर गेला तर दहापासून वीस वर्षें. शेतांत झाड लावलें तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड, आणि तेथें वजनाचा हिशेब कायद्यानें केलेला नाहीं. शेतकरी बंधूंनीं हें नीट लक्षांत ठेवावें. उसाच्या फडांत दोन झाडें आलीं तर काय होतें, असें म्हणणारे लोक गांवोगांव आहेत.

हा कायदा आला कसा, तेंही ऐकण्यासारखें आहे. 1961 सालीं राष्ट्रांचा करार झाला, त्यांत गांजास अफूच्या पंक्तीस बसविलें. हिंदुस्थानास रूढ वापर बंद करण्यासाठीं पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. मुदत संपत आली तेव्हां ऑगस्ट 1985 मध्यें विधेयक आलें, 16 सप्टेंबरास राष्ट्रपतींची सही झाली आणि 14 नोव्हेंबरापासून अंमल सुरू झाला. आतां याच्याशीं इंग्रजाची रीत ताडून पाहा. 1893 सालीं विलायतच्या कॉमन्स सभेंत गांजाबद्दल प्रश्न निघाला, त्यावरून कमिशन बसलें. सात सभासद; त्यांत आपल्याकडचे तीन, एक राजे, एक कुंवर आणि एक लाला. शेतकरी एकही नाहीं. परंतु त्या कमिशननें 1,193 साक्षी घेतल्या, खंडव्याकडे व बंगालांत नौगांवास परवान्याची लागवड होत असे तिची माहिती काढली, आणि 1894 मध्यें लिहिलें कीं बेताच्या सेवनानें म्हणण्यासारखी इजा होत नाहीं, अतिरेक वाईट, आणि सरसकट बंदीची जरूर नाहीं. कर आणि परवाने यांनीं आळा घालावा. इंग्रजानें हें पुण्य म्हणून केलें असें आम्ही म्हणत नाहीं. त्याचा डोळा करावर होता. पण ज्यांस मत नव्हतें अशा हजारावर माणसांस त्यानें विचारलें, आणि ज्यांस मत आहे अशा आम्हांस आमच्या पार्लमेंटनें विचारलें नाहीं, हें कोणत्या शाईनें पुसावें?

पुढें 2014 सालीं या कायद्यांत दुरुस्ती झाली. त्यांत व्याख्यांचे अनुक्रम बदलले. जो धंद्यास पैसा पुरवितो आणि जो गुन्हेगारास आसरा देतो, त्या बड्या माणसाचें कलम 27-अ. हें कलम ज्या व्याख्येकडे बोट दाखवीत होतें ती व्याख्या एक घर पुढें सरकली, आणि बोट रिकाम्या जागेकडे राहिलें. आमच्या वर्गांतलें पोर पाढा म्हणतांना एक घर चुकलें तर आम्ही त्यास तेथेंच थांबवितों. येथें सात वर्षांवर काळ गेला. 2021 मध्यें त्रिपुराच्या हायकोर्टानें दाखविलें तेव्हां जाग आली. मग 30 सप्टेंबरास वटहुकूम, आणि डिसेंबरांत तो कायदा, तोही 1 मे 2014 पासून मागें लागू. जुन्या काळाची शिक्षा आज कशी लावतां, असा प्रश्न विरोधी बाकांवरून निघाला, आणि तो गैर नव्हता. परंतु आम्हांस टोंचलें तें निराळेंच. या सात वर्षांत पैसेवाल्याचें कलम लंगडें होतें. पुडीवाल्याचें कलम मात्र एक दिवसही बिघडलें नाहीं.

गांजा मोकळा करा असें म्हणणारे पार्लमेंटांत कोणी नाहींत असें नाहीं. पतियाळाचे खासदार डॉक्टर धरमवीर गांधी यांनीं 2016 सालीं तशा अर्थाचा मसुदा तयार केला. त्यांचें म्हणणें असें कीं गांजा-भांगेवर बंदी घातल्यामुळें पोरें त्याहून घातक नशेकडे वळलीं. पंजाबांतल्या डॉक्टराचें हें बोलणें आहे, तें हसण्यावारी नेण्याजोगें नाहीं. पण खाजगी सभासदाच्या विधेयकाचें नशीब सर्वांस ठाऊक आहे. स्वातंत्र्यानंतर अशीं चवदाच विधेयकें कायदा झालीं, आणि शेवटचें 1970 सालीं. गांधींच्या मसुद्याचा कायदा झाला नाहीं. पुढें 2 डिसेंबर 2020 रोजीं राष्ट्रसंघाच्या अमली पदार्थांच्या आयोगापुढें गांजास सर्वांत कडक यादींतून काढण्याचा ठराव आला, तो 27 विरुद्ध 25 मतांनीं मंजूर झाला, आणि हिंदुस्थान सरकारनें ठरावाच्या बाजूनें मत दिलें. म्हणजे बाहेर एक मत आणि घरांत एक कायदा.

आतां शेतकऱ्याची गोष्ट. ऑगस्ट 2021 मध्यें सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ तालुक्यांतल्या एका शेतकऱ्यानें कलेक्टरास अर्ज दिला कीं कोणत्याच पिकास भाव नाहीं, लागवडीचा खर्चही निघत नाहीं, तर मला दोन एकरांत गांजा लावावयास परवानगी द्या. लोक हसले. आम्हांस हसूं आलें नाहीं. कांदा रस्त्यावर ओतणारे हात आम्हीं पाहिले आहेत. पण त्या बंधूस आणि त्याच्यासारखा विचार मनांत आणणाऱ्यांस एक सांगावेंसें वाटतें. गांजास आज जो भाव आहे तो बंदीचा भाव आहे. बंदी उठली कीं तो भावही उठला. मग परवाना कोणास मिळणार? ज्याच्याजवळ कुंपण, कॅमेरे, पहारेकरी आणि प्रयोगशाळा आहे त्यास. उत्तराखंडानें 2018 पासून वाखासाठीं व बियांसाठीं लागवडीस परवाने दिले, पण झाडांत नशेचा अंश शंभरांत 0.3 पेक्षां अधिक नसावा ही अट आहे. हिमाचलाच्या विधानसभेनें सप्टेंबर 2024 मध्यें लागवडीविषयींच्या समितीचा अहवाल स्वीकारला. वाखाचा, औषधाचा धंदा व्हावयाचा असेल तर जरूर व्हावा. वाखासाठीं व बियांसाठीं मध्यवर्ती कायद्याच्या कलम 14 मध्यें सरकारास तशी मोकळीक आहे. मात्र सातबाऱ्यावर दोन एकर असणाऱ्याचा त्यांत वाटा कोणता, हें आधीं ठरवून घ्यावें. ऊस आपला आणि कारखाना दुसऱ्याचा, हा धडा आपण एकदां शिकलों आहों.

मग दुकानें मोकळीं करावीं कीं काय? आमचें मत स्पष्ट आहे: करूं नयेत. कॅनडानें 2018 मध्यें केलीं, जर्मनीनें एप्रिल 2024 पासून वयांत आलेल्या माणसास पंचवीस ग्रॅम जवळ बाळगण्याची व घरीं तीन झाडें लावण्याची मुभा दिली. थायलंडानें 2022 मध्यें मोकळीक दिली आणि तीन वर्षांत पुन्हां डॉक्टराच्या चिठ्ठीवर आणून ठेवली. तेथें तें कसें चालतें तें तेथल्या लोकांनीं पाहावें. आमच्यापुढें दारूचा दाखला आहे. घटनेच्या 47 व्या कलमांत नशाबंदीचा प्रयत्न करणें हें सरकारचें काम सांगितलें आहे. त्याच सरकारनें जून 2025 मध्यें विदेशी बनावटीच्या दारूवरील कर वाढविला आणि वर्षास चौदा हजार कोटी जास्त येतील असा अंदाज मांडला. कर वाढविला हें चांगलेंच. पण चौदा हजार कोटींची ज्याला आशा लागली तो गिऱ्हाईक कमी व्हावें असें मनापासून कसें म्हणेल? 1880 सालीं पुणें नगरपालिकेंत दारूचे गुत्ते वाढूं देण्यास जोतीराव फुले यांनीं विरोध केला, तेव्हांही तिजोरी आणि गरिबाचें घर यांचाच झगडा होता. गांजाच्या दुकानांवर तिजोरी एकदां टेकली कीं तीं दुकानें बंद होणें नाहीं.

पण दुकान नको म्हणजे तुरुंग हवा असें नव्हे. सरकारनें दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करविली, तिचा अहवाल 2019 मध्यें निघाला. तिच्यांत वर्षभरांत दारू घेणारे सोळा कोटी आणि भांग, गांजा, चरस मिळून घेणारे तीन कोटी दहा लाख निघाले. या तीन कोटींस कोणता तुरुंग पुरेल? आणि सांपडतात कोण? आमच्या ओळखीच्या एका घराची गोष्ट सांगतों; नांवगांव सांगत नाहीं. बाप सुतारकाम करणारा, पोरगा चाकणकडे ठेक्यावर कामास. रात्रपाळी करून जागें राहण्यासाठीं म्हणा कीं संगतीनें म्हणा, पुडीची संवय लागली. एके दिवशीं पुडीसकट धरला. सुटून आला खरा, पण ठेकेदारानें दुसऱ्या दिवशीं काम काढून घेतलें. मग तारखा. प्रत्येक तारखेस बापाचा दिवस बुडे आणि वकिलाची फी वेगळी. आईच्या गळ्यांतली डोरल्याची जोड गेली. पोरास पुडी विकणारा त्याच भिंतीशीं उभा असे, आणि त्यास पुडी आणून देणारा कोणीं पाहिलाच नाहीं.

त्या माऊलीस कोणीं सांगितलें नव्हतें, आणि आम्हांसही तेव्हां ठाऊक नव्हतें, कीं याच कायद्यांत कलम 64-अ आहे. नशेच्या आहारीं गेलेला मनुष्य आपण होऊन सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणीं उपचार घेण्यास तयार झाला, तर सेवनाच्या किंवा थोड्या मालाच्या गुन्ह्याबद्दल त्याच्यावर खटला चालत नाहीं. उपचार अर्धवट सोडले तर ती सवलत जाते. कायद्यांतलें हें एक कनवाळू कलम, आणि तेंच कोणास ठाऊक नाहीं. बायांच्या दुसऱ्या प्रश्नास आमचें अर्धें उत्तर हेंच आहे. पोरास धरून आणण्यापूर्वीं त्यास घेऊन जा.

उरलेलें अर्धें उत्तर मतदारयादींत आहे. आतां त्या 21 डिसेंबरच्या कायद्याकडे वळूं.

त्यांत चांगलें होतें तें आधीं सांगतों. पूर्वीं 1 जानेवारीस अठरा वर्षें पुरीं झालीं असतील त्याचेंच नांव यादींत येई. 2 जानेवारीस जन्मलेलें पोर वर्षभर बाहेर. आतां 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै व 1 ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. दुसरें, फौजेंतल्या माणसाच्या पत्नीस त्याच्याबरोबर नांव घालतां येई, पण फौजेंत बाई असली तर तिच्या नवऱ्यास तें मिळत नसे. तो भेद काढला. एका अंगाला लष्कराची हद्द असलेल्या आमच्या दिघीस हें विशेष कळावें. तिसरी गोष्ट आधार क्रमांक यादीस जोडण्याची. ती ऐच्छिक आहे असें सरकारनें सभागृहांत सांगितलें. फॉर्मवर मात्र तसें उमटेना, तेव्हां प्रकरण सुप्रीम कोर्टांत गेलें आणि सप्टेंबर 2023 मध्यें फॉर्ममध्यें खुलासा करूं असें निवडणूक आयोगानें तेथें सांगितलें. दोन दिवसांत कायदा करावयाचा आणि त्याचा अर्थ दोन वर्षांनीं कोर्टांत लावून घ्यावयाचा! सभागृहांत चार दिवस बोलले असते तर काय बिघडलें असतें?

पण यादी सुधारते ती आधाराच्या आंकड्यानें नव्हे, पायांनीं सुधारते. आम्हीं तीं पायपीट केली आहे म्हणून सांगतों. दिघी हें दत्तगडाखालचें शेतकऱ्यांचें गांव. 1997 सालीं पिंपरी-चिंचवड महापालिकेंत गेलें. जेथें ज्वारी-बाजरी डोलत होती तेथें आज दहा बाय दहाच्या खोल्या आहेत, आणि त्या खोल्यांत बीड, लातूर, नांदेड, बुलढाणा, बिहार येथून आलेली कष्टकरी माणसें राहतात. पुरुष पहाटे कंपनीच्या गाडीला उभा राहतो. त्याची बायको खोलींत असते, आणि दारूच्या दुकानासमोरून पाण्याचा हंडा घेऊन जाते ती तीच. तिचें नांव यादींत आहे काय? बहुधा नाहीं. आधारावर गांवचा पत्ता. भाडेचिठ्ठी नाहीं. घरमालक लिहून देत नाहीं. उद्यां खोलीवर हक्क सांगेल अशी त्यास भीति. आणि हा घरमालक कोण? आमचाच भाऊबंद. ज्याच्या आज्यास सारा कमी म्हणून इंग्रजाच्या काउन्सिलास मत नव्हतें, तोच आज भाडेकऱ्यास मत मिळूं नये म्हणून कागद अडवितो. मतदारयादींत नांव आल्यानें कोणाची खोली कोणाच्या नांवावर होत नाहीं. हें आम्ही शंभर दारीं सांगितलें. दहा जणांनीं ऐकलें.

दुसऱ्या बाजूनें पाहा. एका दारीं गेलों, यादींत म्हातारीचें नांव. विचारलें, आजी कुठें आहेत? सुनेनें भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट केलें. सहा वर्षें झालीं होतीं. पुढच्या दारीं लेकीचें नांव. ती लग्न होऊन जुन्नरकडे नांदते आहे आणि तिकडेही तिचें नांव लागलें आहे. नांव काढावयाचा फॉर्म पुढें केला कीं लोक म्हणतात, असूं द्या कीं गुरुजी, नांव तुमचं काय खातं?

तें काय खातें तें आतां सांगतों. 2008 च्या सरकारी आदेशाप्रमाणें गांवांतील किंवा वॉर्डांतील शंभरांत पंचवीस स्त्री मतदारांनीं सह्यांचा अर्ज केला कीं दुकान बंद करण्यासाठीं गुप्त मतदान घेतां येतें. चिठ्ठीवर दोन चित्रें. उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हावयास यादींतल्या एकूण स्त्री मतदारांपैकीं निम्म्याहून अधिकांचीं मतें आडव्या बाटलीस पडलीं पाहिजेत. आलेल्यांच्या निम्मीं नव्हेत, यादींतल्यांच्या निम्मीं. आतां पाटीवर हिशेब मांडा. समजा यादींत वीस हजार बाया आहेत. तर 10,001 मतें हवींत. त्या वीस हजारांत मेलेल्या, नांदावयास गेलेल्या व दुबार मिळून दोन हजार आहेत. राहिल्या अठरा हजार. त्यांतल्या शंभरीं साठ आल्या, म्हणजे 10,800. दुकान बंद करावयाचें तर त्या 10,800 पैकीं 10,001 जणींनीं आडव्या बाटलीवर शिक्का मारला पाहिजे; शंभरांत त्र्याण्णव! कोणत्या निवडणुकींत कोणास शंभरांत त्र्याण्णव मतें पडलीं आहेत? ती भिंतीवरची म्हातारी जन्मभर दारूच्या नांवानें कडाकडा बोटें मोडीत होती, आणि मेल्यावर तिचें नांव तसेंच राहिल्यामुळें ती उभ्या बाटलीच्या बाजूस जाऊन बसली आहे. नांव हें खातें तें असें.

त्यांत शहरांतली अडचण आणखी. पिंपरी-चिंचवडची वस्ती 2011 च्या गणतींत सतरा लाख सत्तावीस हजार, आणि चार-चार सभासदांचे प्रभाग बत्तीस. म्हणजे एका प्रभागास चोपन्न हजार माणसें पडलीं, आणि त्यानंतर वस्ती किती वाढली तें आपण डोळ्यांनीं पाहतों. खेड्यांत बायांचा कौल एका दिवसांत गोळा होतो. येथें या गल्लीची त्या गल्लीस ओळख नाहीं. शिवाय 13 मार्च 2022 रोजीं महापालिकेच्या सभासदांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 पर्यंत निवडणूक झालीच नाहीं. जवळजवळ चार वर्षें साहेबांचा एकहातीं कारभार. दुकान आलें, गुत्ता आला, तर गाऱ्हाणें नेण्यास गल्लींत आपला म्हणून कोणी सभासदच नव्हता. मतदारयादीचा कायदा दोन दिवसांत करणाऱ्या देशांत महापालिकेच्या निवडणुकीस चार वर्षें लागलीं, आणि तीही सुप्रीम कोर्टानें मे 2025 मध्यें हुकूम केल्यावर.

या अंधारांत एक बारीक उजेड दिसला तो सांगितला पाहिजे. मार्च 2025 मध्यें आमच्या भोसरी मतदारसंघाचे आमदार महेश लांडगे यांनीं दारूच्या दुकानांविषयीं विधानसभेंत लक्षवेधी मांडली. तेव्हांचे उपमुख्यमंत्री व उत्पादनशुल्क खात्याचे मंत्री अजित पवार यांनीं उत्तर दिलें कीं गृहनिर्माण सोसायटींत नवें बिअर किंवा दारूचें दुकान घालावयाचें तर सोसायटीचा ना-हरकत दाखला लागेल. आणि महापालिकेच्या वॉर्डांत बाटलीचें मतदान झालें तर जितकें मतदान होईल त्याच्या पाऊणशे टक्के मतें बंदीच्या बाजूनें पडल्यास दुकान बंद होईल. आपला वरचा हिशेब या मापानें करून पाहा. 10,800 आल्या तर 10,001 च्या जागीं 8,100 पुरतात, आणि मेलेल्यांस हिशेबांतून सुट्टी मिळते. कोणी कोणत्या पक्षाचा कां असेना, प्रश्न विचारला आणि उत्तर मिळविलें हें काम चांगलें झालें. मात्र सभागृहांतलें उत्तर तें उत्तर. बायांनीं अर्ज देतांना त्याचा लेखी आदेश दाखवा असें उत्पादनशुल्काच्या कचेरींत मागावें, आणि त्याची प्रत घेतल्याशिवाय उठूं नये.

आतां कडू बोलतों, राग मानूं नये. निवडणुकीचा कायदा सांगतो कीं मतदान संपण्यापूर्वींचे 48 तास दारूची विक्री बंद. आणि त्याच 48 तासांत आमच्या गल्ल्यांत दारूचा पूर येतो. खोकें कुठून येतें, कोणाच्या गोठ्यांत उतरतें, तें पोराटोरांस ठाऊक असतें. रात्रीं फुकट बाटली घ्यावयाची, सकाळीं मत द्यावयाचें, आणि पुढें पांच वर्षें बायकांनीं बाटली आडवी करा म्हणून सह्या गोळा करीत हिंडावयाचें. ज्यानें बाटली वाटून मत घेतलें तो बाटलीविरुद्ध सभागृहांत तोंड कसें उघडील? गांजाची पुडीही याच खोक्यांतून येऊं लागली आहे असें पोरें बोलतात. आम्हीं तें डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं, म्हणून अधिक लिहीत नाहीं.

त्या दुसऱ्या बाईस म्हणूनच आम्हीं शेवटीं असें सांगितलें कीं पुडीसाठीं वेगळी चिठ्ठी कायद्यांत नाहीं. पण मत मागावयास जो कोणी दारीं येईल त्यास उंबऱ्याच्या बाहेर थांबवून तीन गोष्टी विचारा. उपचाराचें सरकारी केंद्र आमच्या भागांत कुठें आहे? तुमच्या हातांत असतें तर ओढणाऱ्या पोरास तुरुंग देणार कीं दवाखाना? आणि गांजा-दारूच्या कायद्यावर सभागृहांत तुम्ही कधीं तोंड उघडलें आहे काय? ती म्हणाली, "आन् त्यानं उत्तर न्हाई दिलं तर?" आम्ही म्हणालों, "मावशी, तर मत त्याला द्यायचं नाहीं." ती हंसली. म्हणाली, "माझं मत हितं न्हाईच, गुरुजी. आमचं समदं परळीला."

तिचा फॉर्म आम्हीं त्याच संध्याकाळीं भरला. पत्ता बदलण्यासाठीं तो फॉर्म 8 असतो. घरमालकानें लिहून द्यावयास कांकूं केली, पण त्याच्या आईनेंच त्यास सुनावलें.

येत्या रविवारपासून तीन रविवार सकाळीं आठ ते अकरा आम्ही शाळेच्या ओट्यावर फॉर्म घेऊन बसणार आहों. अठरा पुरीं झालीं असतील त्यांनीं वयाचा दाखला आणावा. त्यांस फॉर्म 6. दुसऱ्या गांवाहून आलेल्यांनीं जुनें मतदार ओळखपत्र आणावें. ज्या घरांतलें माणूस गेलें असेल त्या घरानें मृत्यूचा दाखला घेऊन यावें. त्यास फॉर्म 7 लागतो, आणि त्याचे पैसे पडत नाहींत. बाटलीच्या अर्जावर सह्या करणाऱ्या बायांनीं यादींतला आपला अनुक्रमांक आधींच लिहून आणावा, म्हणजे पडताळणीच्या वेळीं सह्या उडत नाहींत.